फोन आधी ऐकतो, आपण नंतर

२०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत जगभरातल्या सुमारे १,४०० लोकांना व्हॉट्सॲपवर अनोळखी क्रमांकांवरून कॉल आले. कुणी ते उचलले, कुणी नाही. त्याने काही फरक पडत नव्हता. घंटी वाजू लागली तेवढ्यात पलीकडून आलेल्या माहितीच्या पाकिटांनी आपले काम केलेले असे आणि 'पेगासस' हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर फोनमध्ये शिरण्याची वाट मोकळी झालेली असे. त्या वर्षीच्या २९ ऑक्टोबरला व्हॉट्सॲपने पेगासस बनवणाऱ्या एनएसओ या इस्रायली कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला. आपणही या यादीत असल्याचा निरोप मिळाल्याचे भारतात ज्यांनी उघडपणे सांगितले, त्यांत भीमा कोरेगाव प्रकरणातल्या आरोपींचे नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, अभ्यासक आनंद तेलतुंबडे होते, आणि गडचिरोलीचे एक वकीलही होते. यादीतल्या भारतीयांची संख्या १२१ असल्याचे व्हॉट्सॲपने सरकारला कळवले होते.

या सगळ्यांनी कोणती चूक केली होती? कोणतीही नाही. लिंक दाबली नव्हती, ओटीपी सांगितला नव्हता, भलते ॲप उतरवले नव्हते. दोष होता तो व्हॉट्सॲपच्या आवाजी कॉल हाताळणाऱ्या भागात. येणाऱ्या पाकिटांसाठी मेमरीत जेवढी जागा ठेवली होती तिच्याबाहेर लिहिता येत होते. सीव्हीई-२०१९-३५६८ या क्रमांकाने त्याची नोंद आहे. सीव्हीई म्हणजे सुरक्षादोषांचा जगभर मानला जाणारा अनुक्रमांक.

आवाजाच्या फायली उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये या जातीचे दोष पुन्हा पुन्हा सापडत आले आहेत. ते कसे घडतात, आवाजाच्याच वाटेवर इतके का आढळतात आणि वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या तालुक्याच्या गावी चार-पाच वर्षे जुना फोन वापरणाऱ्याशी त्यांचा काय संबंध, हा या प्रकरणाचा विषय आहे.

भजन म्हणजे आकडे

आष्टीच्या भागात तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने घरोघरी ऐकली जातात. असे एक पाच मिनिटांचे भजन फोनमध्ये आहे असे समजा. ते सीडीच्या दर्जाने, काहीही न गाळता साठवायचे तर दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची पातळी मोजून लिहावी लागते, तीही डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळी. हिशेब केला तर फाइल जवळपास ५३ एमबीची होते. तेच भजन १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये पाच एमबीच्या आत बसते. एमपी३ मध्ये कानाला फारसे जाणवणार नाहीत असे तपशील गाळलेले असतात आणि उरलेली माहिती गणिताने घट्ट आवळलेली असते. ही घडी उलगडून पुन्हा लाखो आकड्यांची रांग तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला डिकोडर म्हणतात.

घड्या घालण्याच्या पद्धती अनेक: एमपी३, एएसी, ओपस, फ्लॅक, अलॅक, मंकीज ऑडिओ, डॉल्बी. फोन कंपनीला 'आमच्यावर सगळे वाजते' असे सांगायचे असते, म्हणून प्रत्येक पद्धतीचा डिकोडर फोनमध्ये भरलेला असतो. त्यांतल्या काही पद्धतींची एकही फाइल वापरणाऱ्याच्या फोनवर आयुष्यात येणार नसते. तरी डिकोडर जागेवर असतो, आणि तशी फाइल कुणी मुद्दाम पाठवली तर तो कामाला लागतो.

फाइलच्या सुरुवातीला तिची कुंडली असते: एका सेकंदात किती नोंदी, प्रत्येक नोंद किती बिटांची, एका तुकड्यात किती नोंदी, पुढचा भाग किती बाइटचा. डिकोडर हे आकडे वाचतो, त्यांवरून मेमरीत किती जागा लागेल ते ठरवतो आणि उलगडलेला आवाज तिथे ओतू लागतो. या जागेला बफर म्हणतात. फाइल सरळ असेल तर सगळे सुरळीत चालते. पण कुंडलीतले आकडे फाइल बनवणाऱ्यानेच लिहिलेले असतात, आणि फाइल कुणीही बनवू शकतो.

चिठ्ठीवरचा आकडा

आष्टी-कारंजाचा पट्टा संत्र्यांचा. एखाद्या गोदामाचा नियम असा आहे असे समजा, की गाडीवाल्याच्या चिठ्ठीवर जेवढी कॅरेट लिहिली असतील तेवढी जागा खडूने आखून द्यायची आणि हमालांनी गाडी पूर्ण रिकामी होईपर्यंत माल उतरवत राहायचे. मोजणी नाही. चिठ्ठीवर ४० आणि गाडीत १२० कॅरेट असतील तर ४० कॅरेट रेघेच्या आत बसतील, उरलेली ८० शेजाऱ्याच्या जागेत जातील. शेजारी संत्रीच असतील तर नुकसान होऊन थांबेल. पण तिथे मालकाची वही ठेवलेली असेल, आणि तिच्यावर गाडीवाल्याला हवी ती पाने येऊन पडली, तर दुसऱ्या दिवसापासून गोदाम त्या पानांप्रमाणे चालेल.

फोनच्या मेमरीतही बफराला लागून इतर नोंदी असतात. त्यांत काही ठिकाणी 'हे काम संपले की पुढची आज्ञा अमुक पत्त्यावरून वाच' असा पत्ता असतो. बफराबाहेर सांडलेल्या बाइटांनी हा पत्ता बदलला की प्रोसेसर हल्लेखोराने निवडलेल्या ठिकाणी जातो आणि त्याने ठरवलेली कामे करू लागतो. त्यासाठी वेगळी व्हायरसची फाइल लागत नाही. आवाज म्हणून पाठवलेले आकडेच आज्ञा बनतात.

ही मोजणी सॉफ्टवेअर आपोआप का करत नाही? कारण बहुतेक डिकोडर सी आणि सी++ या भाषांत लिहिलेले आहेत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवलेली सी भाषा वेगवान आहे आणि प्रोग्रामरवर पूर्ण विश्वास टाकते. बफराची हद्द ओलांडली जात आहे का, हे ती स्वतःहून पाहत नाही. ते पाहणे लिहिणाऱ्याचे काम. याची किंमत नोव्हेंबर १९८८ मध्येच दिसली. मॉरिस वर्म नावाच्या प्रोग्रामने युनिक्स यंत्रांतल्या ५१२ बाइटच्या एका बफराचा असाच फायदा उठवला आणि तेव्हाच्या लहानशा इंटरनेटवरचे हजारो संगणक अडकवले.

आवाजाच्या डिकोडरमध्ये आणखी एक अडचण आहे. तिथे आकड्यांचे गुणाकार-बेरजा सतत चालू असतात, आणि ३२ बिटांच्या आकड्याला कमाल मर्यादा आहे: ४,२९,४९,६७,२९५. त्यात एक मिळवला की उत्तर शून्य येते. फाइलमध्ये मुद्दाम अवाढव्य लांबी लिहिली तर बेरीज ही मर्यादा ओलांडते, उत्तर एकदम लहान येते, त्या लहान उत्तराप्रमाणे टीचभर बफर आखला जातो आणि ओतायचा माल मात्र मूळ मोठाच राहतो. तपासणी लिहिलेली असूनही फसते, कारण ती या चुकलेल्या उत्तराचीच तपासणी करते.

स्टेजफ्राइट, २०१५

अँड्रॉइडमध्ये गाणी आणि व्हिडिओ हाताळणाऱ्या भागाचे नाव स्टेजफ्राइट. झिम्पेरियम या कंपनीचे संशोधक जोशुआ ड्रेक यांनी २०१५ मध्ये त्यात एकामागोमाग एक दोष शोधले. एमपी४ फाइलमधल्या उपशीर्षकांच्या आणि मुखपृष्ठाच्या चित्राच्या नोंदी वाचताना आकडे मर्यादा ओलांडत होते. ड्रेक यांनी एप्रिल-मेमध्ये दोषांबरोबर दुरुस्त्याही गूगलला पाठवल्या, आणि २७ जुलैला ही गोष्ट जाहीर झाली. एमएमएसने आलेला व्हिडिओ फोन स्वतःच उतरवून तपासत असल्याने, फक्त मोबाइल क्रमांक माहीत असणे हल्ल्याला पुरेसे होते. अँड्रॉइड २.२ पासून पुढचे सगळे फोन या टप्प्यात येत होते. अंदाज ९५ कोटी फोनांचा होता.

ऑक्टोबरमध्ये दुसरा हप्ता आला. या वेळी एमपी३ फाइलही पुरेशी होती. गाण्याचे नाव, गायक, अल्बम अशी माहिती वाचतानाच दोष उघडा पडत होता, म्हणजे गाणे वाजवण्याआधी, ते यादीत दिसत असतानाच. त्यातला एक दोष २००८ मधल्या पहिल्या अँड्रॉइडपासून तसाच पडून होता.

स्टेजफ्राइटची खरी शिकवण दुरुस्तीबद्दलची आहे. गूगलने दुरुस्त्या आपल्या कोडमध्ये लगेच घेतल्या. पण गूगलचा कोड आणि आपल्या हातातला फोन यांच्यामध्ये चिप बनवणारी कंपनी, फोन बनवणारी कंपनी आणि काही देशांत मोबाइल सेवा देणारी कंपनी असे टप्पे होते. प्रत्येक टप्प्यावर दुरुस्ती अडत होती, आणि कोट्यवधी फोनांपर्यंत ती पोहोचलीच नाही. इतकेच नव्हे, एक दुरुस्ती अपुरी असल्याचे ऑगस्टमध्येच दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिले. त्याच महिन्यात गूगलने दर महिन्याला सुरक्षा अपडेट काढायला सुरुवात केली. आज फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची जी तारीख दिसते, तिचा उगम या गोंधळात आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्टेजफ्राइटमुळे एखाद्या वापरकर्त्याचा फोन प्रत्यक्ष फोडला गेल्याची एकही पक्की घटना आढळली नाही, असे अँड्रॉइडच्या सुरक्षेचे प्रमुख एड्रियन लुडविग यांनी २०१७ मध्ये सांगितले. दोष असणे आणि त्याचा वापर होणे यांत अंतर असते. ते अंतर किती राहील हे दुरुस्ती किती लवकर पोहोचते यावर ठरते.

उसना घेतलेला कोड

ॲपलने २००४ मध्ये अलॅक ही आवाजाचा कणही न गाळणारी पद्धत आणली आणि २०११ मध्ये तिचा कोड सर्वांसाठी खुला केला. क्वालकॉम आणि मीडियाटेक या चिप बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी तो आपल्या डिकोडरमध्ये घेतला. पुढे ॲपल स्वतःची आवृत्ती वेळोवेळी सुधारत राहिली. खुल्या केलेल्या कोडकडे मात्र कुणी वळून पाहिले नाही. चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी तपासले तेव्हा त्यात बफराबाहेर वाचण्या-लिहिण्याचे दोष निघाले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या दुरुस्त्या आल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये चेक पॉइंटने हे जाहीर केले. २०२१ मध्ये विकल्या गेलेल्या स्मार्टफोनांपैकी दोन तृतीयांश फोनांत हा कोड असल्याचा त्यांचा अंदाज होता.

इथे अँड्रॉइड चांगले की आयफोन, या वादाला अर्थ उरत नाही. कोड ॲपलचा, चिप दुसऱ्याची, फोन तिसऱ्याचा, आणि दुरुस्तीची वाट पाहणारा चौथाच. खुला कोड वापरणे गैर नाही, जग त्यावरच चालते. पण उसना घेतलेला कोड दत्तक घ्यावा लागतो. त्याची दहा वर्षे देखभाल कोण करणार, हे घेतानाच ठरवावे लागते.

न ऐकताच

'अनोळखी फाइल उघडू नका' हा सल्ला पोलिस देतात, बँका देतात, व्हॉट्सॲपवरही फिरतो. आर्थिक फसवणुकीपासून तो वाचवतो. पण गेल्या काही वर्षांत फोनने एक नवी सोय आणली आहे: आलेला बोलका निरोप आपल्याला लिखित स्वरूपात दाखवायचा. त्यासाठी फोन तो निरोप आपण हात लावण्याआधीच उलगडून ठेवतो. म्हणजे आपण फाइल उघडो वा न उघडो, फोनने ती उघडलेली असते.

गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या चमूतल्या नॅटली सिल्वानोविच यांनी २०२४ मध्ये याच वाटेवर एक दोष पकडला. सॅमसंगच्या फोनांत मंकीज ऑडिओचा डिकोडर होता. त्याला उलगडलेला आवाज ठेवायला ११,७९,६४८ बाइटचा बफर मिळत होता. फाइलमधल्या एका तुकड्यात किती नोंदी असाव्यात यावरही बंधन होते, आणि तेही ११,७९,६४८ चेच. वरवर हिशेब चोख. पण नोंद २४ बिटांची असेल तर एका नोंदीला तीन बाइट लागतात, आणि मग लिहिला जाणारा माल ३५,३८,९४४ बाइटपर्यंत जाऊ शकतो. जागेच्या तिप्पट. एका बाजूला बाइट मोजले होते, दुसऱ्या बाजूला नोंदी मोजल्या होत्या, आणि दोन्ही आकडे सारखे दिसत असल्याने कुणाच्या लक्षात आले नाही. गूगल मेसेजेसमध्ये आरसीएस ही इंटरनेटवरून निरोप पाठवण्याची सोय चालू असली की, आणि गॅलक्सी एस२३ व एस२४ वर ती मुळातच चालू होती, पाठवलेली ध्वनिफीत या डिकोडरपर्यंत आपोआप पोहोचत होती. सॅमसंगने डिसेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती दिली. या दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०२४-४९४१५.

पुढच्या वर्षी त्याच चमूने डॉल्बीच्या डिकोडरमध्ये आकडा मर्यादा ओलांडून बफर लहान पडण्याचा दोष दाखवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो जाहीर झाला. या दोषापासून सुरुवात करून पिक्सेल ९ हा फोन मालकाने बोटही न लावता ताब्यात घेता येतो, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. आयफोनचीही सुटका झाली नाही. १६ एप्रिल २०२५ ला ॲपलने घाईने आयओएस १८.४.१ काढले. त्यात आवाज हाताळणाऱ्या कोअर ऑडिओ या भागातला मेमरीचा दोष दुरुस्त केला होता, आणि निवडक व्यक्तींवरच्या अत्यंत कौशल्याच्या हल्ल्यात तो वापरला गेला असावा, असे कंपनीने स्वतः म्हटले.

भिंती आणि भाषा

या दोषांवर दोन बाजूंनी काम चालू आहे. पहिली बाजू भिंतींची. २०१५ पर्यंत अँड्रॉइडमध्ये आवाज, व्हिडिओ, कॅमेरा हे सगळे एकाच प्रक्रियेत चालत, म्हणून डिकोडर फोडणाऱ्याला कॅमेरा आणि मायक्रोफोनही आयते मिळत. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये ही कामे वेगवेगळ्या खोल्यांत गेली, आणि डिकोडरच्या खोलीतून फार थोड्या गोष्टींना हात पोहोचेल अशी व्यवस्था झाली. आता हल्लेखोराला एक दोष पुरत नाही, दोन-तीन दोषांची साखळी जुळवावी लागते. अलीकडे भिंत थेट प्रोसेसरमध्येही उभी राहते आहे. मेमरीच्या प्रत्येक तुकड्यावर खूण ठेवायची, आणि वापरणाऱ्याकडे तीच खूण नसेल तर काम जागीच थांबवायचे. २०२३ च्या पिक्सेल ८ मध्ये ही सोय होती आणि २०२५ च्या आयफोन १७ मध्ये ॲपलने ती कायम चालू ठेवली.

दुसरी बाजू भाषेची. रस्ट या भाषेत हद्द ओलांडणारे लिखाण एक तर प्रोग्राम तयार होतानाच अडवले जाते, नाहीतर चालताना थांबवले जाते. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१५ ची, म्हणजे स्टेजफ्राइटच्याच वर्षाची. अँड्रॉइडचा नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला लागल्यावर, एकूण सुरक्षादोषांतले मेमरीच्या दोषांचे प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले, असे गूगलची आकडेवारी सांगते. गंमत म्हणजे जुना कोड त्यांनी फारसा फेकलेला नाही. दोष बहुतांशी नव्या कोडमध्ये असतात आणि जुना कोड तपासून तपासून मुरतो, म्हणून नवे लिखाण सुरक्षित केले की प्रमाण आपोआप घसरते.

आष्टीतल्या फोनचे काय?

आष्टीतल्या शेतकऱ्याच्या, शिक्षिकेच्या किंवा किराणा दुकानदाराच्या फोनवर कुणी पेगासस सोडेल ही शक्यता नगण्य आहे. असे हल्ले महाग असतात आणि पत्रकार, वकील, कार्यकर्ते, राजकारणी अशा निवडक लोकांवर वापरले जातात. सामान्य माणसाला खोट्या बँक अधिकाऱ्याच्या फोनचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. पण निवडक लोक फक्त दिल्ली-मुंबईत राहत नाहीत. २०१९ च्या यादीत नागपूर आणि गडचिरोली होते, आणि आष्टी नागपूरपासून फार दूर नाही.

शिवाय दोषाची किंमत काळाबरोबर उतरते. आज गुप्त असलेला दोष कोट्यवधींचा असतो. तोच जाहीर होऊन दुरुस्ती निघाली की त्याची माहिती सगळ्यांना खुली होते. दुरुस्ती मिळालेला फोन त्या दिवसापासून सुरक्षित होतो आणि न मिळालेला फोन त्याच दिवसापासून जास्त उघडा पडतो. कंपनीने अपडेट बंद केलेले जुने फोन आपल्याकडे घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आधी वडिलांचा, मग आईचा, शेवटी शाळकरी मुलाचा. फोन चालतो, भजन वाजते, म्हणून तो ठीक आहे असे वाटते.

जबाबदारी मुख्यतः बनवणाऱ्यांची आहे. ज्या दोषात वापरणाऱ्याने बोटही लावलेले नसते, त्याचा उपाय वापरणाऱ्याच्या सावधगिरीवर सोपवणे अन्यायाचे आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला आहे: फोनची बाजारातली विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देत राहायचे. भारतातल्या ग्राहकांनी अशा नियमाचा आग्रह धरायला हवा. महागड्या फोनांना सात वर्षांचे अपडेट मिळू शकते हे गूगल आणि सॅमसंगने दाखवले आहे. गरज स्वस्त फोनांना जास्त आहे.

तोवर आपल्या हातात थोडे आहे, पण ते कामाचे आहे. सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'खाली सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. ती वर्षभर जुनी असेल आणि नवे अपडेट दिसत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नका. व्हॉट्सॲपमध्ये फोटो, आवाज आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करा. व्हॉट्सॲप आणि मेसेजचे ॲप अद्ययावत ठेवा, कारण फोन कंपनीने अपडेट थांबवले तरी ॲपची दुरुस्ती येत राहते. आयफोन वापरत असाल आणि तुमच्या कामामुळे तुम्हाला धोका असेल, तर हल्ल्याच्या वाटा कमी करणारा 'लॉकडाउन मोड' चालू करा. आणि आर्वी, वर्धा किंवा नागपूरच्या दुकानात नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी एवढे विचारा: या फोनला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? उत्तर मिळाले नाही, तर तो फोन घेऊ नका.